दुसऱ्याच्या हंडीतला घास

जामसर, ता. जव्हार
१२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उज्ज्वला हीस,

काकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही इथे बरे आहोत. तुझ्या गोदीकाकूचा खोकला उतरला, माझा गुडघा तसाच आहे. चौथी शिकलेल्या माणसाच्या अक्षराला हसू नकोस. तुझा बाप गेल्यावर तुझ्या पाटीवर पहिला 'अ' मीच काढला होता, आणि तू तो पुसून मला नीट काढून दाखवला होतास.

फोन असताना काका पत्र का लिहितो, असं म्हणशील. फोन मी बंद करून भाताच्या कणगीत ठेवला आहे. हातात घेतला की कणसरी कॉईनचा आकडा दिसतो आणि छातीत धडधडतं. शिवाय आपण बोलतो ते ती कॉईनवाली माणसं ऐकत असतील, अशी मला भीती वाटते. गोदी मला वेडा म्हणते. म्हणून हे पत्र एसटीच्या जिवा कंडक्टरकडे देतो आहे.

तुला थोडं ठाऊक असेलच. उन्हाळ्यात तुझा दीर रूपेश ठाण्याच्या माणसांना घेऊन आला. शिरपामाळावर मांडव घातला. हे फोनमधलं नाणं आहे, आपल्या धान्यदेवीच्या नावाचं आहे, फक्त आपल्या माणसांसाठी काढलं आहे, असं सांगितलं. पडद्यावर घड्याळ उलटं चाललं होतं. ते संपायच्या आत येईल त्याला दुप्पट. माझ्या गळ्यात हार घातला आणि पहिला अंगठा माझा लावला. आठवडाभराने माझ्या खात्यात खरेच पैसे आले. मी ते जव्हारला जाऊन काढले आणि पाड्यात सगळ्यांना दाखवले. मग सगळे घुसले. शेजारच्या पोशीने मोगऱ्याच्या कळ्या विकून घराच्या छपरासाठी साठवलेले सगळे घातले. आता आकडा रोज सकाळी वाढलेला दिसतो, पण विकायला गेलं की नुसतं चाक फिरतं आणि थांबा म्हणतं.

हळवं भात पिवळं पडायला लागलं आहे. नव्या भाताचा पहिला घास पाड्यात कोण खातो ते तुला सांगायला नको. माझ्या बापाने खाल्ला, मग मी. चांगलं आहे म्हटलं की मगच घराघरांत नवं शिजतं. या वर्षी लोक माझ्या हातात तो घास देतील का, एवढीच चिंता आहे. कोणी वाकडं बोलत नाही. पोशीने फक्त चहाला हाक मारायची बंद केली आहे.

तू शिकलेली आहेस. हे काय आहे ते मला समजेल असं लिही. जावईबापू धर्मेंद्र यांना नमस्कार. म्हाताऱ्यावर माया आहे ती आटू देऊ नकोस.

तुझा काका,
भिका


मोखाडा
१७ सप्टेंबर २०२५

ती. काका यांस,

उज्ज्वलाचा सा. न. वि. वि. पत्र मिळालं. जिवाभाऊंनी ते शाळेत येऊन सगळ्या शिक्षकांसमोर माझ्या हातात दिलं, आणि मला दोन दिवस चिडवणं सहन करावं लागलं. फोन कणगीत ठेवला आहात, तर उंदरांपासून जपा. नाहीतर ते आकडा आणखी वाढवतील.

काका, घाबरू नका, पण आता यात एक रुपयाही घालू नका. अशी नाणी रोज निघतात आणि त्यांच्या युक्त्या ठरलेल्या असतात. ते उलटं घड्याळ माणसाला विचार करायला वेळ मिळू नये म्हणून असतं. ते संपलं की पुन्हा सुरू करतात. नाव आपल्या देवीचं ठेवतात, कारण देवीवर कोणी शंका घेत नाही. फोनवरच्या ग्रुपमध्ये कोणाला घर झालं, कोणाला गाडी आली असं जे लिहून येतं, ते दोनतीन माणसंच वेगवेगळ्या नावांनी लिहितात. प्रश्न विचारणाऱ्याला ग्रुपमधून काढतात, म्हणून तिथे नुसतं कौतुकच उरतं. पहिल्या माणसाला पैसे परत मिळतात ते इतरांना दाखवण्यासाठी. विकायची वाट मात्र पहिल्यापासून बंदच ठेवलेली असते. आता ते म्हणतील की वाट उघडायला थोडी फी भरा. ती भरू नका आणि पोशीमावशीलाही भरू देऊ नका.

रूपेशभाऊजी स्वतःही फसले आहेत हो. ठाण्याच्या लोकांनी त्यांना पुढे केलं. म्हणून पोलिसात वगैरे त्यांचं नाव जाऊ देऊ नका, घरातली गोष्ट आहे. तुमचं म्हणाल तर तुम्ही स्वतःचा पैसा घातलाच नव्हता, त्यामुळे तुमचं काही गेलेलं नाही. मनाला लावून घेऊ नका. लोक विसरतील.

हे ऑफिसच्या कामात आहेत, नमस्कार सांगतात. काकूला खोकल्यावर अडुळसा द्या. नवं भात खायला मी येणारच, माझं पान मांडून ठेवा. राग नसावा, असेल तर भेटीत काढा.

तुमची,
उज्ज्वला


जामसर
२२ सप्टेंबर २०२५

चि. सौ. उज्ज्वला हीस,

आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी ओट्यावर बसून मोठ्याने वाचलं. आठदहा माणसं जमली होती. घड्याळाचं वाचलं तेव्हा सगळे हसले, कारण शिरपामाळावर ते आमच्या डोळ्यांदेखत दोनदा सुरू झालं होतं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. रूपेशचं वाचलं तेव्हा कोणी हसलं नाही. पोशीने शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने विचारलं की मास्तरीणबाईला हे सगळं इतकं नीट ठाऊक आहे, तर उन्हाळ्यात तिने का नाही सांगितलं. मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, माझ्या पोरीबद्दल असं बोलायचं नाही. ती उठून गेली.

पण पोरी, रात्री झोप लागली नाही. तू लिहिलंस की मी स्वतःचा पैसा घातला नव्हता. ती ओळ मी ओट्यावर वाचलीच नाही. खरं आहे. रूपेशने माझ्या नावावर स्वतःच पैसे भरले आणि म्हणाला, बाबा, हे कोणाला सांगायचं नाही, वहिनीला, म्हणजे तुलासुद्धा नाही. मी गोदीलाही बोललो नाही. म्हातारा मोठ्या सन्मानाने फुकटात बसला होता, त्याची मला लाज वाटत होती. मग ते तुला कोणी सांगितलं?

आणखी एक. रूपेशची माणसं काल परत आली होती. नवं नाणं निघालं आहे, दसऱ्यानंतर मोखाड्याला बाजाराच्या दिवशी त्याचा मांडव आहे. नव्यात पैसे घालील त्याचं जुनं अडकलेलं सुटेल म्हणतात. पहिला हात पुन्हा मीच लावावा, गाडी पाठवू, असं म्हणतात. मी होय म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. पोशी भावाकडून उसने घेऊन त्यात घालायचं म्हणते आहे.

माझं डोकं चालत नाही. मला सरळ लिही. तू खोटं बोललीस की तुझं अक्षर उजवीकडे कलतं असं तुझी काकू म्हणते, पण मी तसलं काही बघत नाही. मी फक्त विचारतो. अजून तुझाच,

काका


मोखाडा
२९ सप्टेंबर २०२५

ती. काका यांस,

सा. न. वि. वि. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते आहे. ओट्यावर वाचू नका.

मार्च महिन्यात हे आणि रूपेशभाऊजी जेवताना बोलत होते. जव्हारकडे कोणाचं ऐकतात, सरपंचाचं की भगताचं, असं चाललं होतं. मी भाकरी वाढत होते. मी म्हटलं की आमच्या पाड्यात कोणाचंच ऐकत नाहीत, पण माझ्या काकांनी नव्या भाताचा घास खाऊन चांगलं म्हटल्याशिवाय कोणी चूलसुद्धा पेटवत नाही. काका, देवाशपथ, मी ते अभिमानाने सांगितलं. भाऊजी जेवायचे थांबले. दुसऱ्या दिवशी ठाण्याची माणसं आमच्याच घरी चहाला होती.

इथवर चूक झाली असं म्हणता आलं असतं. पण नंतर त्यांच्या जाहिरातींची मराठी मी नीट करून दिली. "आपल्या मातीतलं नाणं" हे माझं वाक्य आहे. ग्रुपवर बुधी आणि कविता या नावांनी लिहिणारीही मीच. म्हणून मला त्या युक्त्या ठाऊक आहेत. या वर्षी आमच्या घराचे थकलेले हप्ते फिटले, ते कशातून फिटले ते तुम्ही समजून घ्या. हे म्हणतात की पहिल्या माणसांचे पैसे परत मिळतात, तेव्हा ते खरंच असतं, त्यात पाप काय? मीही स्वतःला तसंच सांगत होते.

आता मी यातून बाहेर आहे. नव्या नाण्याशी माझा काही संबंध नाही, त्या दिवशी मी मांडवाकडे फिरकणारही नाही, शाळेत चाचणी आहे. तुम्हीही येऊ नका, गुडघा दुखतो म्हणा. एकाच गोष्टीसाठी पदर पसरते, माझं नाव कुठे घेऊ नका. नोकरी जाईल. पोशीमावशीला मी हळूहळू काहीतरी देईन, पण तिला ते माझ्याकडून आहे असं सांगू नका.

नवं भात खायला मला बोलावणार ना? एवढं तोडू नका.

तुमचीच,
उज्ज्वला


जामसर
१३ ऑक्टोबर २०२५

सौ. उज्ज्वला हीस,

मी मोखाड्याला आलो होतो. त्यांची गाडी आली तिच्यातच बसलो. पोशीलाही बरोबर घेतलं, कारण मी नको म्हटलेलं तिने ऐकलं नव्हतं आणि का नको ते सांगितलं तर तुझं नाव येत होतं.

मांडव मोठा होता. तारपा वाजत होता. दारात बायकांना हळदकुंकू लावून आत सोडत होते. लावणारी तू होतीस. निळी साडी, कानात मी लग्नात दिलेल्या कुड्या. तू मला पाहिलं नाहीस. तुझ्यासमोर गर्दी होती आणि तू प्रत्येकीला हसून या म्हणत होतीस. पोशीने तुला पाहिलं. ती दुसऱ्या दाराने आत गेली.

मला वर बसवलं, हार घातला, आशीर्वादाचे दोन शब्द बोला म्हणून माईक दिला. मी एवढंच म्हणालो: "उन्हाळ्यात मी पहिला घास खाल्ला, पण तो यांच्याच हंडीतला होता. माझं त्यात काहीच नव्हतं. मग मी तुम्हाला कशाची चव सांगितली?" एवढ्यात माईक गेला. सूत्रसंचालन करणारा पोरगा हसून म्हणाला की आजोबा प्रवासाने दमले आहेत, आणि तारप्याचा आवाज वाढवला. चारपाच बाया उठल्या. बाकीचे रांगेत लागले, कारण पडद्यावर घड्याळ संपत आलं होतं. मी खाली येऊन बसलो आणि ते संपायची वाट पाहिली. संपलं आणि पुन्हा सुरू झालं. मी शेजारच्या माणसाला दाखवलं. तो म्हणाला, बरं झालं बाबा, अजून वेळ मिळाला. धर्मेंद्रबापू माझ्या शेजारून गेले. बूट पाहत गेले. पोशीने पैसे घातले नाहीत. येताना आम्ही एसटीने आलो. तिने माझं तिकीट काढलं आणि वाटभर बाहेर पाहत बसली.

मला तुझ्या मार्च महिन्याचं वाईट वाटलं नव्हतं. बोलता बोलता माणसाच्या तोंडून घरचं निघतं. पुढचंही मी गिळलं असतं, हप्ते कोणाला चुकत नाहीत. पण तू मला लिहिलंस की मी फिरकणार नाही, आणि मला गुडघ्याचं निमित्त करून घरी बस म्हणालीस. ते माझ्यासाठी नव्हतं. तुला दारात उभं राहायचं होतं.

काल पाड्यात नवं भात निघालं. सगळे जमले तेव्हा मी आधी सांगायचं ते सांगितलं. पैसा माझा नव्हता हे सांगितलं. आमची रीत त्यांना कोणी सांगितली, ग्रुपवरची बुधी आणि कविता कोण, तेही सांगितलं. तू नको म्हणाली होतीस, पण तोंडात काय आलं ते चाखणाऱ्याने लपवलं तर त्याने चाखायचं कशाला? गोदी घरात जाऊन रडली. तुझं नाव ऐकून कोणी शिव्या दिल्या नाहीत, ते मला जास्त लागलं. मग मी म्हटलं की आता घास मी खाणार नाही, तुम्ही ठरवा. कोणीतरी मला थांबवेल असं वाटत होतं. कोणी थांबवलं नाही. शेवटी पोशीने हात पुढे केला. तिने खाल्लं, सावकाश खाल्लं, आणि चांगलं आहे म्हणाली. मी पान घेऊन इतरांबरोबर ओळीत बसलो. भात गोड होता. माझ्या जिभेला तो पहिल्यांदाच दुसऱ्याच्या सांगण्यावरून गोड लागला.

लेकीबाळींची पानं मांडताना पोशीने मला विचारलं की उज्ज्वलाचं मांडू का. तिचं छप्पर अजून उघडं आहे, तरी तिने विचारलं. मी नको म्हटलं.

तिला द्यायचं आहे ते तू स्वतः येऊन, सगळ्यांसमोर, तिच्या हातात दे. माझ्यामार्फत काही पाठवू नकोस. जिवा कंडक्टरला मी सांगितलं आहे की मोखाड्याचं पत्र आता घेत जाऊ नकोस. लोभ असावा असं खाली लिहितात. तो आहे, तो कुठे जात नाही, म्हणूनच हे पत्र मोठं झालं.

भिका