रंधा मशीनच्या टेबलातला खळगा

माझ्या अबोल आप्पांना,

उद्या खंडेनवमी. तुम्ही दरवर्षी करायचा तसं यंदा मीच रंधा मशीन रॉकेलनं पुसून काढलं. बिडाचं टेबल लख्ख झाल्यावर सहज त्यावर पोलादी पट्टी उभी धरली, तर पट्टीखालून उजेड दिसला. कॅलेंडरचा कागद घातला, तो सरकन गेला. दुहेरी केला तरी गेला. टेबल मधोमध खोलगट झालंय, आप्पा. एवढं जाड बीड! म्हणून रात्री सगळी कामं टाकून तुम्हाला लिहायला बसले.

आधी वाटलं, झिजलं असेल. पण झीज अशी वाटीसारखी कशी होईल? मग आडवं मोजलं, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मोजलं, खडूनं खुणा केल्या. तुम्ही असता तर म्हणाला असता, "लागली का खोदायला?"

आता कळतंय, आपल्या फळ्या जोडताना टोकांना फट का दिसायची ते. तुम्ही काही न बोलता हातरंधा घ्यायचा, फळीच्या मधल्या भागावर दोन फेरे मारायचा आणि फट मिटायची. मला ते म्हातारपणचं खूळ वाटायचं. मशीन असताना हातरंधा कशाला, म्हणून किती वेळा तुमच्यावर चिडले!

संकेश्वरच्या त्या दाराला फट राहिली, तेव्हा तर मी ताळतंत्रच सोडलं. आपले जुने मिस्त्री महादेवमामा आणि दोन्ही कामगार समोर असताना म्हणाले, "आप्पा, तुमचा हात हललाय आता. मशीनवर मीच उभी ऱ्हाते." तुम्ही "व्हय बाई" म्हणालात आणि पॉलिशच्या खोलीत निघून गेलात. परत मशीनला हात लावला नाहीत. भांडला का नाहीत माझ्याशी?

दुपारी न राहवून बेळगावला बाबू मिस्त्रींना फोन लावला. हे टेबल त्यांनीच ओतून दिलेलं. ते म्हणाले, "आक्का, बीड बी लाकडागतच असतंय. ओतल्यावर वरीसभर उन्हापावसात पडू द्यावं लागतंय, म्हंजे आतला ताण जातोय. तुम्ही थांबलाच न्हाय की."

खरंच थांबले नाही. ओलं सागवान दारात आलं तर गाडी तशीच परत पाठवणारी आपण माणसं. आणि बीड मात्र मी गरम भाकरीसारखं उचलून आणलं. आठ दिवसांत पाहिजे म्हणून हटून बसले होते ती मीच.

मी त्यांना विचारलं, आप्पांना हे माहीत होतं का? ते म्हणाले, "तुमचे आप्पा आलते की माझ्याकडं. म्या म्हणलं, टेबल आणा, परत घासून देतो. तर म्हणले, ऱ्हाऊ दे. पोरीनं लई हौसेनं घेतलंय. चुकलं म्हणून कळलं तर तिला वाईट वाटंल."

फोन ठेवला आणि तिथंच भुशात बसून रडले. मला वाईट वाटू नये म्हणून माझी बोलणी खाल्लीत, तेही चारचौघांत! असं करतात का, आप्पा? रागच आला तुमचा.

संध्याकाळी तुमचे ते दोन फेरे मारून बघितले. तीन फळ्या बिघडवल्या. रंधा कुठं दाबायचा, कुठं उचलायचा? तुमच्या हाताला टेबलाचा खळगा नुसत्या फळीवरून कसा समजायचा? आता हे कुणाला विचारू?

टेबल घासायला बेळगावला पाठवीनच, पण उद्याच्या पूजेनंतर. त्याआधी महादेवमामांना आणि त्या दोघांना मशीनपाशी बोलावीन. पट्टीखालचा उजेड त्यांना वाकून बघायला लावीन आणि सांगेन, आप्पांचा हात हलला नव्हता, मशीन चुकत होतं, आणि ते मी आणलं होतं. हा शब्द देते. तुम्ही ऐकायला नाही, हे मात्र मला दुरुस्त करता येत नाही.

तुमची उतावळी,
सुमन
निपाणी