पंचफुलाबाई भ्र. येडबा यांच्या नावे

मी, व्यंकटराव मुंजाजी वालूरकर, वकील, राहणार परभणी, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता व पूर्ण शुद्धीवर राहून लिहीत आहे. 'शुद्धीवर' हा शब्द मुद्दाम ठळक काढला आहे, कारण माझा पुतण्या आबासाहेब कोर्टात नेमका त्यालाच हात घालणार. दुपारी आरामखुर्चीत माझा डोळा लागतो आणि मी स्वप्नातल्या माणसांशी बोलतो, हे तो अख्ख्या वालूरला सांगत फिरतो. बोलतो, खरे आहे. मात्र जाग आल्यावर स्वप्नातले कोण आणि घरातले कोण, हे मला नीट कळते.

१. माझी पत्नी केशरबाई वारली. मूलबाळ नाही. वालूरची वडिलोपार्जित जमीन मी आबासाहेबाला पूर्वीच सोडून दिली आहे, ती त्याने सुखाने खावी. परभणीचे घर आणि चुडाव्याचे शेत मी वकिलीच्या कमाईतून घेतले. त्यात कोणा भाऊबंदाचा हिस्सा नाही.

२. घराच्या पुढच्या खोलीत दर रविवारी वकिलांचा अभ्यासवर्ग भरतो. विषय वारसाहक्क, मृत्युपत्र, विश्वस्त निधी आणि एकत्र कुटुंबाची मिळकत. सनद मिळाली की वकील वाचायचे सोडतो आणि त्याची फळे अशिलाच्या लेकीसुना भोगतात, म्हणून हा खटाटोप. वर्ग माझ्यामागेही त्याच खोलीत चालावा. फळा तिथून हलवू नये. यंदाच्या जूनमध्ये मुलींना वाट्याचा कायदा आला आहे, तो आधी स्वतःच्या घरी वाचून दाखवावा आणि मग वर्गात यावे. माझी पुस्तके वर्गाला. फक्त हिंदू कायद्याचा दुसरा भाग ॲड. दिनकररावांना द्यावा, कारण पहिला त्यांनी 'चाळून देतो' म्हणून नेला तो अजून चाळताहेत. जोडी फुटू नये.

३. वारसाला डावलले तर कारण लिहा, नाहीतर समोरचा वकील कारण रचतो, असे मी वर्गात कायम सांगत आलो. म्हणून सविस्तर लिहितो.

वर्गात सरावाला एक काल्पनिक माणूस लागे. कोणाचा अशील दुखावू नये म्हणून मी त्याचे नाव येडबा ठेवले, बायकोचे पंचफुला, आणि त्याला मेंढ्यांचा कळप दिला. त्याचे मृत्युपत्र आम्ही वर्षानुवर्षे लिहीत गेलो. कोणी त्याला चुडाव्याला शेत दिले, कोणी विहीर. दुपारच्या झोपेत तो मला दिसू लागला, खांद्यावर घोंगडी, मागे धुळीत मेंढ्या. केशरबाई गेल्यानंतर तो मला सोबतीला बरा वाटे.

आमचे अंगदराव तेव्हा नवे वकील होते. त्यांनी त्या मृत्युपत्राची प्रत कोर्टाबाहेर टाइप करायला दिली आणि हे खोटे आहे एवढेच सांगायचे विसरले. टाइप करणारा येलदरीकडचा. त्याने गावी जाऊन सांगितले, आपल्या येडबाचा कागद परभणीच्या वकिलाकडे आहे. आणि एका रविवारी भर वर्गात दारात एक बाई उभी राहिली.

"म्या पंचफुला. येडबाची बायकू. माझ्या मालकानं कागद करून ठिवलाय म्हनं तुमच्यापाशी. जिमीन न्हाई मागत मी. त्ये कुटं हाय, येवढंच सांगा."

तिचा येडबा दुष्काळात मेंढ्या घेऊन खाली गोदाकाठी गेला, तो परतला नव्हता. अंगदरावांनी मान खाली घातली. मीच तिला समजावले की आमचा येडबा नुसता फळ्यावरचा आहे, ज्याचे खऱ्यात कोणी नाही असा.

"कुनी न्हाई कसं? मी हाय की," ती म्हणाली.

तिला जायला घर नव्हते. परसातली खोली रिकामी होती. ती राहिली, दोन शेळ्या घेऊन. आबासाहेबाला त्यात काय दिसायचे ते दिसले. मला तिच्यात धाकटी बहीण दिसली. रविवारी ती उंबऱ्यात बसून ऐकते. "त्याला इहीर नव्हती. पर ऱ्हाऊ द्या, आवडंल त्याला," असे म्हणते आणि आम्ही विहीर राहू देतो.

४. सबब, घर व शेत मी पंचफुलाबाई भ्र. येडबा यांना पूर्ण मालकीने देतो. हयातीपुरते नाही, विकावे, द्यावे, काय वाटेल ते करावे. पुढची खोली वर्गाला द्यायचे त्यांनी आपणहून कबूल केले आहे.

५. आपल्याकडच्या जुन्या कागदांत विधवेच्या नावापुढे 'बेवा' लिहितात आणि नवरा जिवंत असला तर 'भ्र.', म्हणजे भ्रतार. सात वर्षे बातमी नसली की माणूस मेला असे कोर्ट मानू शकते, म्हणून अंगदरावांनी मसुद्यात 'बेवा' घातले. मी ते तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "कोर्टाला मानू द्या. कोर्टाला थोडंच त्याच्यासंगं ऱ्हायाचंय?" मी 'बेवा' खोडले. केशरबाईच्या नावाआधी 'कै.' लिहिताना माझा हात किती दिवस थांबत होता, ते मला आठवले.

६. येडबा आल्यास त्याला या घरात राहू द्यावे, कोणी पुरावा मागू नये. हे कलम वेडेपणाचे दिसते, असे अंगदराव म्हणतात, आणि यानेच सगळे मृत्युपत्र बुडेल अशी त्यांना भीती आहे. भीती मलाही आहे. बुडाले तर ती रस्त्यावर येईल. तरीही कलम ठेवले आहे.

७. म्हणून सहीआधी डॉक्टरांना बोलावले. त्यांनी वार विचारला, गावचे नाव विचारले, नाडी पाहिली. मग हा कागद वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, "वकीलसाहेब, येडबा परत येईल असं तुम्हाला वाटतं?"

मी म्हणालो, "नाही. पण तिला वाटतं, आणि घर तिचं आहे."

डॉक्टरांनी 'शुद्धीवर' असा शेरा लिहून सही केली.

लिहून देणार: व्यंकटराव मुंजाजी वालूरकर

आमच्यादेखत सही केली, आम्ही त्यांच्यादेखत केली:
ॲड. दिनकरराव चारठाणकर
डॉ. सीताराम पाथरीकर

परभणी, रविवार, ९ ऑक्टोबर १९९४