भल्या माणसाचे सहाशे एकेचाळीस

आदरणीय लॉरीन मावशीस,

डेटनहून डेल्मरचा मनापासून नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डुलुथचं बर्फ हटलं, की अजून फावडं हातातच? मी आणि रोझलिन दोघं ठीक आहोत, म्हणजे प्रकृतीने.

आमची घरमालकीण लेकीकडे फ्लोरिडाला निघाली आहे आणि घर घेता का म्हणून तिने आधी आम्हालाच विचारलंय. जूनपर्यंत कर्ज मिळालं तर घर आमचं, नाहीतर बिऱ्हाड हलवा. मी ऐटीत बँकेत गेलो. तिथल्या बाईने माझा क्रेडिट स्कोअर, म्हणजे पतीचे गुण काढले, साडेआठशेपैकी सहाशे एकेचाळीस. म्हणाली, "वाईट नाही हो, मधलाच आहे, पण आमच्या कर्जाला कमी पडतो." मधला! (इतकी वर्षं वेळेवर भाडं भरलं, पण ते म्हणे यात धरतच नाहीत.) म्हटलं, "बाई, माझ्यावर एका सेंटचं कर्ज नाही!" तर म्हणते, "तिथेच तर घोळ झालाय ना!"

घोळ असा, की गेल्या वर्षी आमच्या चर्चमध्ये कर्जमुक्तीचे वर्ग भरले. शेवटच्या रविवारी तळघरात जेवण, आणि एकेकाने पुढे येऊन आपलं क्रेडिट कार्ड कात्रीने कापायचं, बाकीच्यांनी 'आमेन' म्हणायचं. मला कुठला दम निघतोय! मी विसाव्या वर्षी काढलेलं कार्ड कापलं आणि वर फोन करून खातंही बंद केलं. टाळ्या पडल्या, बटाट्याचं सॅलड दुसऱ्यांदा वाढलं. (पाद्रीबुवांनी स्वतःचं कापलं नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.) आता बाई सांगते, जुनं खातं म्हणजे तुमची पत, तीच तुम्ही कापलीत. उरलं एक कार्ड, मर्यादा हजार डॉलरची. त्यावर मी किराणा नि पेट्रोल मिळून नऊशे खर्च करतो आणि बिल आलं की सगळे फेडतो. पण बिल निघतं त्या दिवशी कंपनी स्कोअर ठरवणाऱ्यांना नऊशेच कळवते, आणि तिकडे मी गळ्यापर्यंत बुडालेला दिसतो! यावर मी डोकं चालवलं आणि एका दुपारी चार नव्या कार्डांसाठी अर्ज टाकले. प्रत्येक अर्जामागे माझ्या पतीची चौकशी झाली, आणि तेवढ्या चौकशांनी स्कोअर आणखी घसरला. रोझलिन म्हणाली, "आता काही करू नका हो. नुसते बसा."

आता बिल निघायच्या आधीच पैसे भरतो, नवं काही मागत नाही. स्कोअर चढतोय, पण मुंगीच्या पावलांनी. मावशी, खरं सांगू? मला भीती वाटते. हे घर सोडायला माझं मन होणार नाही.

तुझा,
डेल्मर

ता. क. : तुझं ते चाळीस वर्षांचं कार्ड आहे ना, कधी हप्ता न चुकलेलं? त्यावर माझं नाव जोडशील? कार्ड मला पाठवू नकोस, मला खरेदी करायचीच नाही. नुसतं नाव जोडलं तरी तुझ्या पुण्याईने माझे गुण वाढतील.

आणखी एक, रोझलिनकडून : मावशी, पाकीट मी चिकटवतेय, म्हणून लिहिते. माझा स्कोअर सातशे साठ आहे आणि स्कूल बस चालवते त्या पगारावर माझ्या एकटीच्या नावाने कर्ज मंजूर झालंय. ह्यांना अजून बोलले नाही. दोघांची नावं घातली की बँक ज्याचा स्कोअर कमी त्याचाच धरते. पण घराच्या कागदावर मला एकटीचं नाव नकोय. तेव्हा तुम्ही ह्यांचं नाव जोडाच, आणि जरा लवकर. तोवर मी बँकेला थोपवून धरते.