न्हाणीत खाल्लेलं अंडं

अव्वा, आईचं दुखणं लेकीला आलं. तुझ्यासारखाच मलाही छातीचा कॅन्सर निघाला आहे, तोही डाव्याच बाजूला. किमोच्या दोन सुया झाल्या. तिसरी सोमवारी आहे, पण रक्त कमी भरलं तर ती पुढे जाणार. कलबुर्गीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डाळ, दूध, रोज दोन अंडी, सगळं खा. एवढं ऐकून सासरी खजुरीला परतले तर घरात आधीच बारा डॉक्टर बसलेले. साखरेनं गाठ वाढते म्हणे. दूध नको, गहू नको, उपाशीपोटी लसूण चाव. माझ्या जाऊबाईंना अजून ज्वारीची भाकरी धड गोल थापता येत नाही, पण माझी गाठ काय खाऊन जगते हे त्यांना मोबाइलवर कळलं आहे. बावीस वर्षं मी सगळ्यांच्या शेवटी जेवले, तेव्हा माझ्या ताटात काय उरलं हे कुणी वाकून पाहिलं नाही. आता प्रत्येक घासाला पहारा. किळस येते मला या माणसांची.

तुझ्या वेळी आत्या एकटीच पुरेशी होती. तुलाही अंडं सांगितलं होतं. आत्या कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘गळ्यात लिंग हाय का दगड? लिंगायताच्या घरात अंडं शिरायलंय व्हय?’ अप्पांनी पेपरचं पान उलटलं. तेवढाच त्यांचा पराक्रम. मग शेजारची धनगराची मावशी दुपारी परसातून यायची, पदराखाली उकडलेलं अंडं घेऊन. तू गळ्यातलं लिंग काढून डोळ्यांना लावायचीस, खुंटीला अडकवायचीस आणि न्हाणीत उभ्या उभ्या खायचीस. जे क्षणभरही अंगावेगळं करायचं नसतं तेच तू काढायचीस, त्याला विटाळ नको म्हणून. भित्री होतीस तू. तुझाही राग येतो मला.

आत्याला कळलंच. मठातले अय्या, आमचे जंगम गुरू, आले, ‘औषध म्हणून खाऊ द्या, लिंग तेवढं अंगावर राहू द्या,’ असं सरळ सांगून गेले. पण आत्या अय्यांपेक्षा सोवळी. तिनं तुला तीन दिवस नुसत्या ताकावर ठेवलं आणि तू राहिलीस. त्या आठवड्यात तुझं रक्त भरलं नाही, सुई पुढे गेली. मावशी दाराशी आली तेव्हा तू म्हणालीस, ‘चहाडीच करायची होती तर खाऊ कामून घातलीस?’ ती रडत म्हणाली, ‘म्या न्हाई सांगितलं वो अक्का.’ तू दार लावून घेतलंस आणि मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाहीस.

आज सकाळी मी लिंग गळ्यात ठेवून, जाऊबाईंच्या नाकासमोर दोन अंडी खाल्ली. ‘देवाला तरी भ्यावं की,’ त्या म्हणाल्या. ‘देवाला भितेच की. तुम्हाला न्हाई,’ मी म्हणाले. फार शूर वाटलं मला. त्याच तोऱ्यात लिहायला बसले आणि इथे आल्यावर दोन ओळी खोडल्या.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. मावशी खरं बोलत होती. आत्यानं मला विचारलं होतं, ‘तुझी अव्वा न्हाणीत काय करायलीय गं?’ तिनं मारलं नाही, धमकावलंही नाही. मी नऊ वर्षांची होते, मला त्या वासाची शिसारी यायची, आणि सांगताना मी आत्याएवढी मोठी झाले असं वाटलं. तू ताकावर होतीस ते तिन्ही दिवस मी आत्याच्या शेजारी बसून पोटभर जेवले.