सोडून गेले की निघून गेले

प्रिय भिंगरी,

तू पाठवलेला वसंत विशेषांक मिळाला. तुझा लेख उघडला आणि पहिल्याच ओळीला तळपायाची आग मस्तकात गेली. शांत झाल्यावर लिहू म्हणून काही दिवस थांबले, पण शांत काही झाले नाही. तेव्हा तशीच लिहायला बसले आहे.

आधी खुशाली सांगते, नाहीतर म्हणशील आई नुसती भांडायला बसली. खिडकीसमोरच्या झाडाला पालवी फुटली आहे आणि तिच्यासोबत माझ्या शिंकाही सुरू झाल्या आहेत. कादंबरीचा तिसरा खर्डा प्रकाशकाकडे पडून आहे. तो फोन उचलत नाही, म्हणजे अजून वाचलेला नाही. शनिवारचा लेखनवर्ग चालू आहे. त्यातले निवृत्त स्टेशनमास्तर अजूनही 'रविराजाने सुवर्णकिरणांनी धरित्रीला न्हाऊ घातले' असंच लिहितात. त्यांना म्हटलं, मास्तर, गाडी आली की तुम्ही 'गाडी आली' म्हणायचात ना, मग 'सूर्य उगवला' म्हणायला काय जातं? ते मनापासून हसले आणि पुढच्या शनिवारी चंद्राला न्हाऊ घालून आले. पालथ्या घड्यावर पाणी. पण त्यांचा मला राग येत नाही. त्यांच्या चंद्रामुळे कुणाच्या घरात काही बिघडत नाही.

तुझा राग येतो. 'बाबा आम्हाला सोडून गेले तेव्हा मी आठवीत होते.' अगं, मराठीत 'आम्हाला सोडून गेले' कशाला म्हणतात हे तुला खरंच ठाऊक नाही? माणूस मेला की म्हणतात. वर्तमानपत्रात चौकटीतल्या फोटोखाली छापतात. आणि त्यापुढे तुझी ती 'कायमची रिकामी झालेली खुर्ची' आणि 'घरात अजून रेंगाळणारा आठवणींचा दरवळ'! कसला दरवळ गं? जाताना तो माणूस घरातली इस्त्रीसुद्धा घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी तुझा युनिफॉर्म मी गादीखाली घालून त्यावर बसून राहिले आणि तू उभी राहून मला हसत होतीस. हे का नाही लिहिलंस? हे तुझं होतं. दरवळ कुणाच्याही घरातला चालला असता.

आता परिणाम ऐक. खालच्या मजल्यावरच्या बाई चहाचा थर्मास घेऊन आल्या आणि माझा हात धरून बसल्या. मला वाटलं, यांचं नवऱ्याशी बिनसलं असणार. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, होईल सगळं ठीक म्हणाले. बराच वेळ आम्ही दोघी एकमेकींचं सांत्वन करत होतो. शेवटी त्यांनी विचारलं, की फार त्रास झाला का हो त्यांना जाताना? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दाताच्या डॉक्टरने माझ्या तोंडात आरसा घालून हळहळ व्यक्त केली, मला बोलताही येईना. वाचनालयातल्या मुलीने तर विचारलं, इतकी वर्षं कधी बोलला नाहीत ते! काय सांगू? की माझा नवरा धडधाकट आहे, फक्त दुसऱ्या गावात दुसऱ्या घरी राहतो? तेवढं सांगायला माझं तोंड इतकी वर्षं उघडलं नव्हतं, आणि तू एका ओळीत मला विधवा करून सहानुभूतीच्या रांगेत उभं केलंस.

तू म्हणशील, तसा अर्थ नव्हता. मग नव्हता तर साधं 'निघून गेले' का लिहिलं नाहीस? तीच जागा, तितकीच अक्षरं. का ते मला माहीत आहे. 'निघून गेले' लिहिलं की वाचणारा विचारतो, का गेले? कुणाकडे गेले? लाज वाटते. 'सोडून गेले' म्हटलं की वाचणारा रुमाल काढतो आणि कुणी काही विचारत नाही. भाषा सजवायची हौस असते असं लोकांना वाटतं. हौस कसली, बहुतेक वेळा ती भीती असते. नाकापेक्षा मोती जड होतो तेव्हा नीट बघ, नाकावर काहीतरी लपवलेलं असतं. तुला लिहिता येतं. म्हणूनच चिडते आहे, येत नसतं तर कौतुक करून मोकळी झाले असते. लिहून झालं की स्वतःला मोठ्याने वाचून दाखव. जे वाक्य तू मला फोनवर बोलणार नाहीस ते खोडून टाक. मला फोनवर तू कधी 'दरवळ' म्हणाली आहेस?

आणि हाच लेख तुझ्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणून महिनाअखेर छापायला जाणार आहे, म्हणून ही घाई. शिवाय आणखी एक गोष्ट आहे. काल दुपारी बेल वाजली. दारात तुझे बाबा. हातात तोच अंक, गुंडाळी करून धरलेला. केस पांढरे झालेत. मी आत या म्हणाले नाही, तेही आले नाहीत. माझी चौकशी केली नाही, वाद घातला नाही. एवढंच विचारलं, की हे तिच्याकडून चुकून लिहिलं गेलं की तिच्या लेखी मी मेलो आहे? आणि तुझा पत्ता मागितला. जन्मभर वाक्यांचे अर्थ लावून पोट भरलं मी, पण त्यांच्यापुढे या एका वाक्याचा अर्थ मला सांगता आला नाही. रविवारी या म्हटलं आणि दार लावून घेतलं. त्यांचा राग आला, इतक्या वर्षांनी कुठल्या तोंडाने विचारतात म्हणून. तुझा आला, मला असं दारात उभं केलंस म्हणून. तेव्हा आता सरळ लिही. मेले असतील तर 'मेले' लिही, मी पत्ता देणार नाही आणि त्या ओळीला पुन्हा हात लाव म्हणणार नाही. निघून गेले असतील तर 'निघून गेले' असं दुरुस्त कर, म्हणजे रविवारी मी तुझा पत्ता कागदावर लिहून त्यांच्या हातात देईन. यातलं तू कुठलं लिहावंस असं मला वाटतं, ते मात्र विचारू नकोस. काल दार लावल्यापासून मी तेच शोधते आहे आणि सापडत नाही. सगळ्यात जास्त चीड मला त्याचीच आली आहे.

तुझीच, अजून न निवळलेली,
आई