तीन मिलिमीटर

नाशिक,
ता. १० नोव्हेंबर २०२४

ती. अण्णा यांस,
संघप्रियाचा सविनय जयभीम. वि. वि.

आम्ही इकडे खुशाल आहोत. कानाच्या यंत्राचं काय झालं ते तुम्ही लिहीत नाही, म्हणून शेजारच्या सिताबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, यंत्र कपाटात आहे आणि अण्णा ओट्यावर, दोघंही आपापल्या जागी सुखात आहेत. फोनवर तुम्हाला माझं ऐकू येत नाही आणि मोबाइलवरची अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात, तेव्हा पत्राशिवाय इलाज नाही.

एक काम आहे. क्षमा विमानाचं मॉडेल करते आहे. एकोणीस जानेवारीला तिची स्पर्धा. सगळं जमलं, नाकापाशी अडलं. बाल्सा म्हणून एक फार हलकं लाकूड असतं. त्याची पातळ फळी गरम पाण्यात भिजवून लाकडी साच्यावर लपेटायची, बांधून वाळवायची, म्हणजे ती साच्याचा आकार धरते. अशी दोन अर्धी टरफलं जोडली की विमानाचं नाक. तुमच्या नातीनं पाण्याच्या बाटलीवर करून पाहिलं. दोनदा फुटलं, आणि दोनदा ती जेवली नाही. तीस वर्षं फाउंड्रीत ओतकामाचे लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुने, घडवलेला माणूस आपल्या घरात आहे, हे मी तिला सांगितलं. सहा फळ्या आणि मापांचा कागद सोबत पाठवते.

आता दुसरं. तुमची खोली इथं तयार आहे. आई गेल्यापासून दोन वर्षं तुम्ही कळंबला एकटे आहात. दार वाजलेलं कळत नाही, कुकरची शिट्टी कळत नाही. विषय काढला की तुम्ही म्हणता, माझे हात अजून शाबूत आहेत. ठीक आहे, पैज लावू. टरफल बरोबर बसलं, तर मी नाशिकचं नाव काढणार नाही. नाही बसलं, तर स्पर्धा झाल्यावर घराला कुलूप लावून तुम्ही इकडे यायचं. कबूल?

माया अशीच ठेवा, राग मात्र दोन दिवसांत विसरा.
तुमची,
प्रिया

कळंब,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. प्रियास,
अनेक आशीर्वाद.

पैज कबूल. बापाशी पैज लावणारी पोर म्याच वाढवली, तक्रार कुणाकडं करू?

पुडकं आलं तेव्हा वाटलं, तू रिकामा खोकाच पाठवला. हे लाकूड आहे का कापूस? नखानं दाबलं तर खळगा पडतो. पहिली फळी भिजवून बांधली आणि सवयीनं उन्हात ठेवली. अर्ध्या तासात उभी चिरली. दुसरी मी आडव्या बाजूनं वाकवायला गेलो, ती हातातच मोडली. सिताबाई भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, आयुष्यभर लोखंडाचं केलं, आता पापडाचं करायला बसलात व्हय? मी ऐकू आलं न्हाय असं दाखवलं. बहिरेपणाचा तेवढा एक फायदा हाय.

साच्याला शिवणीच्या लाकडाचा ठोकळा घेतलाय. साच्यावर फळीची जाडी चढते, दोन्हीकडून दीड-दीड मिलिमीटर, म्हणून साचा तुझ्या मापापेक्षा तीननं कमी धरला. आणि हो, फाउंड्रीतली कॉन्ट्रॅक्शनची पट्टी खुंटीवरून काढून ट्रंकेत घातली. ओतलेलं लोखंड आटतं म्हणून त्या पट्टीवरचं माप मुळातच मोठं असतं. दिवाळीत तिच्यावरच तुझ्या स्वयंपाकघराची फळी मापली आणि ती कोनाड्यात शिरेना, हे मी विसरलो न्हाय. तू हसली नव्हतीस, ते जास्त लागलं.

तब्येतीला जप.
तुझा,
अण्णा

कळंब,
ता. ८ डिसेंबर २०२४

चि. प्रियास,
आशीर्वाद.

दोन्ही टरफलं पाठवतोय. फळी अंघोळीच्या बादलीत कढत पाण्यात तासभर ठेवली, मऊ झाली. मग तुझ्या आईच्या जुन्या सुती पातळाच्या पट्ट्या फाडून मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडं गुंडाळत नेल्या. जखमेला बांधतात तसं, घट्ट पण रुतेल असं न्हाय. तीन दिवस सावलीत ठेवलं. पट्ट्या सोडल्या तर टरफल अलगद सुटून तळहातावर आलं. टिचकी मारली. आवाज मला आला न्हाय, पण बोटाला तो थरथरता कळला. आईच्या पातळाची वीण बाहेरून उमटली असेल, क्षमाला म्हण ती घासू नकोस.

आता घराच्या गिलाव्याला माणूस सांगतो. राहायचंच हाय तर भिंत नीट असू दे.

ओलावा तसाच राहू दे, मनाचा म्हणतो, लाकडाचा न्हाय.
तुझा,
अण्णा

नाशिक,
ता. १६ डिसेंबर २०२४

ती. अण्णा यांस,
सविनय जयभीम.

टरफलं पोचली. इतकं सुबक काम क्षमानं पाहिलेलं नाही, ती हातातून खाली ठेवत नव्हती. पण लिहायला हवं म्हणून लिहिते, ती बसली नाहीत. विमानाच्या धडाच्या पुढच्या चकतीला टरफल लहान पडतं. तीन मिलिमीटर कमी. तुम्ही मनाला लावून घेऊ नका. क्षमा म्हणते, नाक कागदी लगद्याचं करीन.

पैजेचं आत्ता राहू द्या.
प्रिया

कळंब,
ता. २३ डिसेंबर २०२४

चि. प्रियास,
आशीर्वाद.

पैज ती पैज. राहू कशाला द्यायची?

साचा चार वेळा मापला. अठ्ठावन्न. तुझ्या कागदावर एकसष्ट. मला माझी चूक सापडत न्हाय, आणि चूक सापडत न्हाय म्हणजे हात गेले असं समजायचं. फाउंड्रीत महांतप्पा मिस्त्रीला असंच झालं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी हत्यारं धुवून पुसून आमच्यात वाटली आणि घरी गेला. तेव्हा मला तो भित्रा वाटला होता.

गिलावेवाल्याला नको म्हणून सांगितलं. पटाशा आणि रंधे शंभू सुताराला देतोय, तो कालच येऊन बघून गेला, शनिवारी नेतो म्हणाला. स्पर्धेनंतर येतो. सिताबाईला सांगितलं तर ती आणलेली भाकरी तशीच परत घेऊन गेली.

एक कर, ती टरफलं परत पाठव. कुठं चुकलं ते बोटांना कळू दे.

अण्णा

नाशिक,
ता. २६ डिसेंबर २०२४

ती. अण्णा यांस,
सविनय जयभीम.

सिताबाईंना आत्ताच फोन केला आहे, शंभूला दारातूनच परत पाठवा म्हणून. कारण विचारलं तेव्हा म्हटलं, अण्णांना पत्रातून कळेल. टरफलंही सोबत आहेत.

चूक तुमची नाही. नाकाचं बाहेरचं खरं माप चौसष्ट आहे. तुम्हाला मी एकसष्ट लिहिलं. मला वाटलं, अण्णा फळीची जाडी वजा करायला विसरतील. दिवाळीतली फळी डोळ्यांपुढे होती. म्हणून तुमच्यासाठी मीच आधी तीन वजा केले, आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तुम्हाला लागलं असतं. तुम्ही विसरला नाहीत. जाडीचं तर तुम्ही स्वच्छ लिहिलंही होतं. मी ते पत्र वाचलं, दिवाळीच्या ओळीपाशी डोळे भरले, आणि तीन मिलिमीटरची ओळ वर तशीच राहून गेली.

टरफल चकतीवर ठेवलं त्या क्षणी मला कळलं होतं. तरी सोळा तारखेच्या पत्रात मी ते लिहिलं नाही. अण्णा, मी गप्प राहिले असते तर तुम्ही आला असता. दहा दिवस मी तुमच्या खोलीचे पडदे बदलत होते. रोज वाटायचं, उद्या लिहू. मग तुमचं पत्र आलं, पटाशा शंभूला देतोय म्हणून. त्या पटाशांना धार लावताना तुम्ही मला जवळही येऊ द्यायचा नाहीत.

पैज मी हरले. नाशिकचं नाव काढणार नाही. रागवायचं तेवढं रागवा, पण पत्रातून रागवा, गप्प बसू नका.

प्रिया

कळंब,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. प्रियास,
आशीर्वाद, आणि थोडा राग.

पत्र वाचून दोन दिवस कुणाशी बोललो न्हाय. सिताबाईला वाटलं, वाईट बातमी आली. तिसऱ्या दिवशी तिला सगळं सांगितलं तर ती इतकी हसली की डाळ करपली, आणि तो वास मला तिच्याआधी आला. हे लिहून ठेव.

आता माझं ऐक. तुझ्या कागदावर शेजारी विमानाचं पूर्ण मापाचं चित्र होतं. त्यावर पट्टी ठेवली तेव्हाच चौसष्ट आलं होतं. आकडा एकसष्ट, चित्र चौसष्ट. मला दिसलं होतं. पण मी विचारलं न्हाय. हल्ली काही विचारलं की माणसं मोठ्यानं ओरडून सांगतात, लहान पोराला सांगावं तसं. म्हणून दुसऱ्यांदा विचारायचं मी सोडून दिलंय. म्हटलं, पोरगी शिकलेली हाय, तिचंच बरोबर असंल. टरफल बसलं न्हाय तेव्हाही तुझ्या आकड्यावर न्हाय, माझ्याच हातांवर शंका घेतली. तेव्हा सगळा दोष एकटीनं घेऊ नकोस, अर्धा इकडं ठेव.

काम असं केलं. परत आलेली टरफलं साच्यालाच चिकटवून टाकली. अठ्ठावन्नावर दोन्हीकडून दीड-दीड, झाले बरोबर एकसष्ट. नवा साचा करायला आठ दिवस गेले असते, तो एका दुपारीत झाला. शिल्लक दोन फळ्या त्यावर चढवल्या. काल सोडल्या. बाहेरून चौसष्ट. रेघेला रेघ.

या वेळी पार्सलनं पाठवत न्हाय. क्षमाला जोडायचं कसं ते हातानं दाखवावं लागंल. बारा तारखेच्या एसटीनं येतो. कानाचं यंत्र घालून येतो, पोरीचं म्हणणं ऐकू तरी येईल. परतीचं तिकीट आत्ताच काढलंय, वीस तारखेचं, सकाळी सातचं. एकवीसला गिलावेवाला येणार हाय.

स्टँडवर सोडायला ये. अडवायला येऊ नकोस.

लोभ पुऱ्या मापाचा असू दे, माझ्यासाठी आधीच वजा केलेला नको.
तुझा,
अण्णा