परमिटनंतरची अक्षरं

२८ फेब्रुवारी २०१५, शनिवार

परत हसं झालं! नॉर्वेजियनमध्ये दोन शब्द जोडून एक करतात, आणि मधे श्वास घेतला की अर्थच पालटतो. मला म्हणायचं होतं 'लम्मेलोर' — कोकराची मांडी. जराशी अडखळले — 'लम्मे लोर'. इन्ग्रिडबाई म्हणाल्या, "आता तू लुळ्या मांड्या मागितल्यास." अख्खा वर्ग हसला. वर्ग म्हणजे आम्ही चौघं.

'नत्तोग' तर डोक्यातच शिरत नाही. नत्त म्हणजे रात्र, तोग म्हणजे ट्रेन. त मिळून तीन, लिहायचे दोन. मग तोडायचं कुठे?

३ मार्च

र आणि स शेजारी आले की 'श'. पण स आणि ह शेजारी आले तर 'श' नाही! 'हूस-होल्डनिंग' — घरसंसार. मी वाचलं 'हुशोल्डनिंग'. ऋग्वेदा लगेच तिच्या सिंगापुरी इंग्रजीत — "ममा, राँग लाह!" नऊ वर्षांची कार्टी माझ्या चुका काढते.

नवऱ्याला, धैर्यला, फोनवर म्हणून दाखवलं. "छान," एवढंच म्हणाला. नॉर्वेत, स्टाव्हांगरला जाऊन पाच महिने झाले त्याला. तेलविहिरींचं काम, दमत असेल. जूनमध्ये आम्ही दोघी जातोच आहोत, कायमच्या.

११ मार्च

आमच्या व्हिसासाठी धैर्यने सगळे कागद पाठवले. चाळीस पानं, नुसता गठ्ठा. त्यात एक पत्र निव्वळ नॉर्वेजियन. वर ठळक एकच शब्द, एकोणीस अक्षरांचा. बोट ठेवून तोडत गेले. पर्मिट — तेरिंग्स — वाशेल.

परमिट! आमचं तिथे राहायचं परमिट आलं आणि हा बोलला नाही! सरप्राइज असणार. मीही विचारत नाही, मजा घालवायची कशाला.

१२ मार्च

राजीनामा दिला. श्रीनिवास सर म्हणाले, "संजीवनी, घाई होत नाहीये ना?" म्हटलं, "सर, परमिट आलंय!" चांगी बिझनेस पार्कमधली आठ वर्षं.

१४ मार्च, शनिवार

पत्र वर्गात नेलं. उच्चार पक्का करून घ्यायचा होता, बाकी काही नाही.

इन्ग्रिडबाईंनी पत्र परत वरून वाचलं. मग पेन्सिल घेतली. "परमिटपाशी तोडू नकोस. इथे तोड." पर्मित्तेरिंग. मग एकटा स — नुसता सांधा, त्याला अर्थ नाही. मग वाशेल.

"वाशेल म्हणजे नोटीस," म्हणाल्या. आणि पहिला तुकडा? दोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "कंपनीकडे काम नाही. कळवेपर्यंत घरी थांबा. पगार बंद."

पत्रावर तारीख २ फेब्रुवारी.

१५ मार्च

फोन केला. "धैर्य, पर्मित्तेरिंग म्हणजे काय?"

तो म्हणाला, "ते पत्र त्यात गेलं?"

"सहा आठवडे, धैर्य!"

"बोलावतील परत असं वाटत होतं गं. आणि तू रोज नवीन शब्द म्हणून दाखवायचीस. कसं सांगू?" रडत होता. मी ओरडणार होते. नाही ओरडले. "ये परत," म्हटलं.

१६ मार्च

सरांनी राजीनामा पुढे पाठवलाच नव्हता. परत दिला. धैर्य शनिवारी येतोय.

ऋग्वेदाला सांगितलं तर उड्याच मारायला लागली! "आय नेव्हर वाँटेड टू गो, ममा. बट यू सो हॅपी, सो आय डोन्ट से लाह." धैर्यला विचारलं, तुला तरी जायचं होतं का? म्हणाला, "तुला हवं होतं ना."

म्हणजे मलाच. एकटीलाच.